वाचकांचे प्रश्न : ‘परंतु तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. ती निरनिराळ्या वयाच्या आणि निरनिराळ्या श्रद्धेच्या वाचकांनी लिहिलेली असली, तरी सगळ्यांचा रोख येशू ख्रिस्ताकडे आहे, म्हणून त्यांना एकत्रच उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, परंतु डोंगरावरील प्रवचन मी अनेकदा वाचले आहे. शत्रूवर प्रीती करा, उद्याची चिंता करू नका, दुसऱ्याचे दोष काढू नका, हे मला मनापासून पटते. ही शिकवण आचरणात आणली आणि शिकवणाऱ्याला थोर गुरू म्हणून वंदन केले, तर त्यात काय कमी पडते? ख्रिस्ती लोक शिकवणीपेक्षा येशूवरच इतका भर का देतात?

उत्तर : आपण ते प्रवचन पुन्हा पुन्हा वाचता, याचा मला आनंद वाटतो. अनेक ख्रिस्ती घरांत ते इतक्या वेळा वाचले जात नाही, हे खेदाने मान्य करावे लागते. माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, पुढच्या वेळी वाचताना काय सांगितले आहे याबरोबरच ते कोण सांगतो आहे आणि कोणत्या अधिकाराने सांगतो आहे, याकडेही लक्ष द्यावे. इस्राएलातील संदेष्टे बोलू लागत, तेव्हा ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशी सुरुवात करत. निरोप देवाचा असे आणि ते स्वतः केवळ निरोप्ये असत. शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, शिकवत, तेव्हा आधीच्या गुरूंचे दाखले देत. हे प्रवचन ज्यात आहे त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पाचव्या अध्यायात मात्र येशू सहा वेळा आधीचे वचन सांगतो आणि लगेच ‘पण मी तुम्हांला सांगतो’ असे म्हणतो. तेथे त्याने कोणाचाही दाखला दिलेला नाही. प्रवचनाच्या शेवटी तर तो असे सांगतो की, शेवटच्या न्यायाच्या दिवशी पुष्कळ जण मला ‘प्रभू, प्रभू’ म्हणतील आणि कोणाला आत घ्यायचे हे मी ठरवीन. म्हणजे जे प्रवचन आपण शिकवण म्हणून बाजूला काढू पाहता, त्याच्या अगदी मध्यभागी शिकवणारा उभा आहे. त्याला वगळायचे म्हटले, तर त्याची वाक्येही मधूनच कापावी लागतात.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूम येथील प्रसंग आपणांस आठवत असेल. घर माणसांनी गच्च भरलेले होते, दारातही जागा नव्हती, म्हणून चौघांनी छप्पर उकरून एका पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडले. सगळ्यांची अपेक्षा होती की येशू त्याला बरे करील. येशू मात्र आधी म्हणाला, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ तेथे बसलेले शास्त्री मनात म्हणाले की, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मला तर वाटते की, त्या घरात त्या क्षणी काय घडते आहे, हे त्यांनाच सर्वांत आधी कळले. थोर गुरू क्षमेविषयी सांगतो. येथे एक माणूस देवाच्या वतीने क्षमा देऊन मोकळा झाला होता.

या संदर्भात आणखी एका गोष्टीशी मी नेहमी थबकतो. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणून जे प्राचीन विधान अनेक मंडळ्या (चर्च) उपासनेत म्हणतात, त्यात येशू कुमारी मरियेपासून जन्मला असे म्हटल्यावर लगेच, पंतय पिलाताच्या वेळी त्याने दुःख भोगले, असे येते. मध्ये दृष्टान्त नाहीत, रोग्यांना बरे करणे नाही, आपल्याला प्रिय असलेले प्रवचनही नाही. गालीलातली सारी वर्षे तेथे एका स्वल्पविरामात बसवली आहेत. जो माणूस दर रविवारी हे विधान म्हणतो आणि त्या स्वल्पविरामात कधी शिरत नाही, त्याचा विश्वास पोकळ होतो. त्याला आपले पत्र वाचून दाखवावे असे मला वाटते. परंतु प्राचीन मंडळीने ते असे का रचले, हेही समजून घ्यावे. उत्तम उपदेश कोणत्याही काळात, कोणाच्याही तोंडून आला तरी तो उत्तमच असतो. घडलेल्या गोष्टीला मात्र काळ आणि ठिकाण लागते. पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता आणि त्याचे नाव कोरलेला एक दगड १९६१ मध्ये समुद्रकाठच्या कैसरियाच्या अवशेषांत सापडला. एका सामान्य अधिकाऱ्याचे नाव विश्वासाच्या विधानात आले, ते यासाठी की देवाने काय सांगितले यापेक्षाही देवाने काय केले, हे ख्रिस्ती माणसाला आधी सांगायचे असते.

काय कमी पडते, असे आपण विचारले आहे. त्या प्रवचनाकडे केवळ नियम म्हणून पाहिले, तर त्याहून कठीण नियम मला ठाऊक नाही. रागावणाऱ्याला तेथे खून करणाऱ्याशेजारी उभे केले आहे, आणि स्वर्गातला पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रामाणिक माणूस ते आचरू लागला की थोड्याच दिवसांत हरतो. त्या हरलेल्या माणसाला शिकवणीकडून आणखी शिकवणच मिळते. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या’ असे शिकवण म्हणू शकत नाही. ते म्हणायला कोणीतरी असावा लागतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव आहे का? आणि देव एकच आहे असे मानणारे लोक त्याला पुत्र आहे असे कसे म्हणतात? येशूला देव ठरवण्याचा निर्णय पुढे एका परिषदेत मतदानाने झाला, असेही मी ऐकले आहे.

उत्तर : ख्रिस्त हे आडनाव नाही. ‘येशू’ हे हिब्रू ‘यहोशवा’ या नावाचे रूप आहे, त्याचा अर्थ परमेश्वर तारतो असा आहे, आणि ते त्या काळच्या यहुदी समाजात पुष्कळांचे नाव होते; म्हणून त्याला ‘नासरेथकर’ असे गाव लावून ओळखत. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द हिब्रू ‘मशीहा’ याचा अनुवाद आहे आणि त्याचा अर्थ अभिषिक्त असा होतो. इस्राएलात राजाला आणि याजकाला तेलाने अभिषेक करत, आणि देव एक अभिषिक्त पाठवील अशी लोकांना आशा होती. त्यामुळे ‘येशू ख्रिस्त’ हे दोन शब्द म्हणजे एक संपूर्ण वाक्य आहे : ज्याची वाट पाहिली तो हाच.

हे वाक्य प्रथम कोठे उच्चारले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. फिलिप्पाच्या कैसरियाच्या प्रदेशात, म्हणजे जेथे पॅन या ग्रीक देवाचे जुने स्थान होते आणि ज्या नगराला रोमन सम्राटाचे नाव दिले होते अशा परिसरात, येशूने शिष्यांना आधी विचारले की लोक मला कोण म्हणतात, आणि मग विचारले, ‘परंतु तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?’ पेत्राने उत्तर दिले, ‘आपण ख्रिस्त, जिवंत देवाचे पुत्र आहात.’ उत्तर बरोबर होते. पण येशू आपल्या दुःखाविषयी आणि मरणाविषयी बोलू लागताच त्याच पेत्राने त्याला विरोध केला आणि कठोर शब्द ऐकून घेतले. योग्य शब्द तोंडात असूनही त्यांचा अर्थ कळलेला नसतो, हे पहिल्याच कबुलीत दिसून आले.

‘पुत्र’ हा शब्द शारीरिक अर्थाने घेऊ नये. ख्रिस्ती मंडळीने तो तसा घेतलेला नाही. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी होते आणि आपला देव परमेश्वर एकच आहे, ही त्यांची नित्य प्रार्थना होती. अशा माणसांपैकी एक असलेला प्रेषित पौल करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पहिले पत्र लिहिताना, येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत, त्याच प्रार्थनेच्या शब्दांत ‘एकच देव, पिता’ आणि ‘एकच प्रभू, येशू ख्रिस्त’ असे एका श्वासात म्हणतो. त्याने दोन देव मानले नाहीत. एकाच देवाविषयी बोलताना येशूला वगळणे त्याला शक्य राहिले नाही. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजनला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की, हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. हे पत्र लिहिणारा ख्रिस्ती नव्हता. तो त्यांची चौकशी करत होता. आपण जिच्याविषयी ऐकले ती नायसियाची परिषद त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, ३२५ मध्ये भरली. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता, असे एरियस या आलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे म्हटले. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या गात होते, त्याचा अर्थ काटेकोर शब्दांत मांडण्याचे काम तेथे झाले.

मला मात्र तरुण वाचकांना दुसऱ्या बाजूचीही आठवण करून द्यावीशी वाटते. येशूला खरे शरीर नव्हते, ते केवळ भासत होते, असे म्हणणारे लोक एरियसच्या फार आधी होऊन गेले, आणि मंडळीने त्यांनाही तितक्याच निश्चयाने नकार दिला. शोमरोनातल्या विहिरीवर तो दमून बसला होता. वादळात मचव्याच्या मागच्या भागात तो उशीवर डोके ठेवून झोपला होता. मार्काने ती उशीसुद्धा विसरू दिलेली नाही. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने खरा देव आणि खरा मनुष्य अशी दोन्ही टोके एकत्र धरली. ती कशी जुळतात हे कोणीही पूर्णपणे उलगडून दाखवलेले नाही, परंतु त्यांतले एक सोडले की विश्वासच हातातून निसटतो.

प्रश्न : क्रूस हे मृत्युदंडाचे साधन होते. अशी वस्तू लोक गळ्यात घालतात, याचे मला लहानपणापासून आश्चर्य वाटते. आणि एका माणसाच्या मरणाने दुसऱ्यांच्या पापांची क्षमा होते, हे न्यायाला धरून आहे का?

उत्तर : आपले आश्चर्य योग्य आहे आणि ते हरवू देऊ नका, कारण आम्हां ख्रिस्ती लोकांचे ते हरवले आहे. क्रूस, म्हणजे मराठी बायबलातला वधस्तंभ, ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. सिसेरो या रोमन वक्त्याने तर क्रूस हा शब्ददेखील नागरिकाच्या कानांपासून दूर राहावा असे म्हटले होते. यहुदी लोकांच्या दृष्टीने झाडाला टांगलेला मनुष्य शापित होता. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवरच्या एका इमारतीच्या गिलाव्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडलेले एक चित्र १८५७ मध्ये सापडले. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या शतकातले असावे. त्यात क्रूसावर गाढवाचे तोंड असलेली एक आकृती आहे, खाली एक तरुण हात वर करून उभा आहे, आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिले आहे की, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. येशूच्या क्रूसाची जी अगदी जुनी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत हे एक आहे, आणि ते टिंगल म्हणून काढलेले आहे. अलेक्सामेनोसविषयी आपणांस आणखी काही ठाऊक नाही. त्याच्या सोबत्यांना त्याचा देव हास्यास्पद वाटला, एवढे मात्र ठाऊक आहे. आणि त्याचा देव खरोखरच तसा, नग्न, हतबल, लोकांच्या थट्टेचा विषय होऊन मेला होता. ख्रिस्ती माणूस गळ्यात क्रूस घालतो तेव्हा तो हेच सांगत असतो, मग ते त्याच्या लक्षात असो वा नसो.

न्यायाविषयी आपण विचारले, त्यावर नीट विचार करायला हवा. येशूच्या मरणाने तारण कसे झाले, याचे एकच स्पष्टीकरण मंडळीने कधी बंधनकारक केले नाही. काही प्राचीन लेखकांनी त्याला पापावर आणि मरणावर मिळवलेला विजय म्हटले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने माणसाकडून देवाचे जे देणे राहिले होते, ते फेडण्याच्या भाषेत ते समजावले. पुढच्या शतकातल्या अबेलार्ड या पंडिताने त्या मरणात प्रकट झालेल्या प्रीतीवर भर दिला. निष्पाप माणसाला पकडून दुसऱ्याची शिक्षा त्याला भोगायला लावणारा न्यायाधीश, असे चित्र आपल्या मनात असेल तर आपला आक्षेप रास्तच आहे. परंतु शुभवर्तमानात कोणी तिसऱ्यालाच पकडून आणलेले नाही. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच, अपराध्याच्या जागी, स्वतःहून आलेला आहे. कोणी आपले मोठे नुकसान केले आणि आपण त्याला खरी क्षमा केली, तर ते नुकसान कोठे नाहीसे होत नाही. ते क्षमा करणारा स्वतःच्या अंगावर घेतो. जिने किंवा ज्याने असे एकदा तरी केले असेल, त्याला हे सांगावे लागत नाही. देवाने केलेली क्षमा किती भारी पडली, हे क्रूसावर दिसते. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द मार्काने येशूच्याच बोलीतही जपून ठेवले आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे, परमेश्वराने आपल्याला सोडले असे ज्यांना वाटते, त्यांच्याही जागी तो जाऊन आला आहे.

प्रश्न : कोणी मरियेला मोठा मान देतात, कोणी देत नाहीत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, अर्थाविषयीही पंथापंथांत मतभेद आहेत. मग सर्वांचे केंद्र येशू आहे, असे कसे म्हणता?

उत्तर : थोडक्यात सांगतो. मरियेला ‘देवाची माता’ म्हणावे की नाही, यावर ४३१ मध्ये इफिस येथे परिषद भरली, तेव्हा वादाचा मुख्य विषय येशूच होता. तिच्या पोटी आलेला तो खरोखर देव होता की नव्हता, हे त्यातून ठरायचे होते. काना गावच्या लग्नातले तिचे शब्द, ‘हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा,’ कोणत्याही पंथाला अमान्य नाहीत. १५२९ मध्ये मार्बुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर आले, तेव्हा पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले, आणि उरलेल्या एकासाठी ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूने मेजावर लिहून ठेवले होते. त्या भाकरीत येशू कसा भेटतो, यावर ते भांडले. त्या फुटीचे मला दुःख आहे, पण ती झाली तीही त्याच्या एका वाक्यापाशी.

प्रश्न : मी विज्ञानाचा शिक्षक आहे आणि ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आहे. पुनरुत्थान हे रूपक आहे, येशूची आठवण शिष्यांच्या मनात जिवंत राहिली एवढाच त्याचा अर्थ आहे, असे मानून मला ख्रिस्ती राहता येईल का?

उत्तर : आपण मंडळीतून उठून जावे असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु आपण प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून उत्तरही तसेच द्यायला हवे. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांना लिहिले. त्याने पळवाट ठेवलेली नाही. त्याच अध्यायात तो, आपल्याला जे मिळाले तेच आपण दिले असे सांगून, येशू कोणाकोणाला दिसला याची यादी देतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, आणि शेवटी स्वतः तो. त्या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून जिवंत आहेत, असेही तो सांगतो. रूपकाला साक्षीदार लागत नाहीत.

आपल्या प्रयोगशाळेत हे सिद्ध करता येणार नाही, आणि इतिहासकारालाही ते करता येत नाही. त्याला त्या घटनेचे परिणाम तेवढे दिसतात. पळून गेलेले शिष्य काही आठवड्यांतच त्याच शहरात उघडपणे बोलू लागले. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा सातवा, विसाव्याचा दिवस, प्राणाप्रमाणे जपणारे लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमू लागले. आणि चारही शुभवर्तमाने सांगतात की, कबर रिकामी असल्याचे प्रथम स्त्रियांनी पाहिले, जेव्हा त्या काळच्या न्यायव्यवहारात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. हे पुरावे मला महत्त्वाचे वाटतात, पण केवळ त्यांच्या बळावर मी विश्वास ठेवतो असे म्हणणे खरे होणार नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालीया मरिया ही येशूची अनुयायी कबरेजवळ रडत उभी आहे, समोर असलेल्या येशूला ती माळी समजते, आणि तो केवळ ‘मरिये’ म्हणतो तेव्हा ती त्याला ओळखते. विश्वास बहुतेकांना असाच, आपले नाव ऐकू आल्यासारखा येतो. तोवर आपण रविवारच्या उपासनेला येत राहावे. थोमा हा शिष्य शंका घेऊनही इतरांबरोबर त्याच खोलीत बसून राहिला होता, आणि येशू आठ दिवसांनी त्या खोलीतच आला. त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते.

प्रश्न : ‘येशूला जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवा’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. घर, नोकरी, आजारपण यांच्या धबडग्यात त्याचा नेमका अर्थ काय, हे मला कोणी सांगितलेले नाही.

उत्तर : ते वाक्य व्यासपीठावरून मीही अनेकदा म्हटले आहे, आणि आपल्या पत्रामुळे त्याचा मला नव्याने विचार करावा लागला. प्रार्थना, शास्त्रवाचन आणि मंडळीची संगत यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असणार, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला योहानाच्या तेराव्या अध्यायाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पिता आपल्या हाती सर्व काही देऊन चुकला आहे, हे जाणून येशू जेवणावरून उठला, त्याने बाह्यवस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. येथे ‘पण’ असा शब्द नाही, हे मी मुद्दाम सांगतो. सर्व अधिकार हाती असूनही त्याने पाय धुतले, असे योहान म्हणत नाही; अधिकार आहे हे जाणून धुतले, असे म्हणतो. आणि त्या वेळी यहूदा अद्याप बाहेर गेलेला नव्हता. म्हणजे ज्याने त्याला धरून दिले, त्याचेही पाय येशूच्या हातांत होते, तेही त्याने धुतले आणि रुमालाने पुसले.

केंद्रस्थानी तो आहे याचा अर्थ, अशा एका माणसापुढे मला रोज उभे राहावे लागते. याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. माझ्या धाकट्या भावाशी माझे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. कारण वाटणीचे होते आणि माझी बाजू न्यायाची होती, असे मला आजही वाटते. त्या वर्षांत मी दर महिन्याला प्रभुभोजन घेत होतो. एके रविवारी वाचनाला मत्तयाचा पाचवा अध्याय आला : तू वेदीजवळ दान आणत असता आपल्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. हे वचन मला पाठ होते. त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आले की, चूक कोणाची आहे, हे तेथे विचारलेलेच नाही. त्याच्या मनात काही आहे का, एवढेच विचारले आहे. मी बाकावरच बसून राहिलो, भाकर घ्यायला उठलो नाही, आणि घरी जाऊन भावाला पत्र लिहिले. उत्तर यायला चार महिने लागले. आमच्यातले सगळे काही पूर्वीसारखे झालेले नाही, परंतु तो माझ्या मोठ्या आजारपणात दवाखान्यात येऊन बसला होता.

आजारपणाचे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला अशा माणसांविषयी येशू म्हणतो की, या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला तुम्ही जे केले ते मला केले. तेथे नीतिमान लोक विचारतात की, प्रभू, आम्ही आपणांस कधी पाहिले? त्यांना ते कळलेच नव्हते. आपण रात्री-अपरात्री उठून घरातल्या आजारी माणसाची कूस बदलत असाल आणि त्या वेळी मनात येशूचे नावही येत नसेल, तर तेवढ्यावरून तो आपल्या जीवनाच्या कडेला गेला, असे समजू नये.

प्रश्न : मी एकेकाळी मंडळीत उत्साहाने काम करत होतो. नंतर माझ्या हातून असे काही घडले की ते येथे लिहिता येत नाही. माझ्या विश्वासाविषयी विचारले तेव्हा, माझा त्या लोकांशी संबंध नाही, असेही मी सांगितले. आता परत यावेसे वाटते, पण प्रार्थनेला बसल्यावर शब्दच सुचत नाहीत. अशा माणसाला येशूच्या जवळ जागा आहे का?

उत्तर : आहे. आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा मला दोन विस्तव आठवले.

योहानाच्या अठराव्या अध्यायात, येशूला धरून नेल्यावर, प्रमुख याजकाच्या वाड्यातले चाकर थंडीमुळे कोळशांचा विस्तव करून शेकत उभे होते आणि पेत्रही त्यांच्यात शेकत उभा होता. तेथेच त्याने, मी त्याचा शिष्य नाही, असे सांगितले. एकूण तीन वेळा. एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, सात शिष्य रात्रभर मासे धरण्यासाठी समुद्रात होते आणि त्यांना काहीही मिळाले नव्हते. पहाटे किनाऱ्यावर येशू उभा होता. ते उतरले तेव्हा त्यांना कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि जवळ भाकर दिसली. कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या धुराचा वास पेत्राने ओळखला नसेल, असे मला वाटत नाही. आपण जेथे नाकारले, नेमके तेथेच आपल्याला परत आणले आहे, हे त्याला कळले असणार.

आता येशूने काय केले नाही, तेही पाहावे. त्या रात्रीविषयी त्याने एक शब्दही काढला नाही, जाब विचारला नाही, पुन्हा असे करणार नाही अशी शपथ घ्यायला लावली नाही. आधी त्याने सगळ्यांना जेवू घातले. जेवण झाल्यावर पेत्राला, त्याच्या मूळ नावाने हाक मारून, तीन वेळा एकच प्रश्न विचारला : ‘शिमोना, योहानाच्या पुत्रा, माझ्यावर प्रीती करतोस काय?’ जितक्या वेळा नाकारले होते, तितक्या वेळा हो म्हणण्याची संधी दिली. तिसऱ्या वेळी पेत्राला दुःख झाले. ते दुःख टळावे म्हणून येशूने प्रश्न गाळला नाही, आणि दुःख झाले म्हणून कामही काढून घेतले नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याने आपली मेंढरेच त्याच्या हाती सोपवली. शेवटी म्हणाला, ‘माझ्यामागे ये.’ याच समुद्राच्या काठी पहिल्या दिवशी पेत्राने असेच बोलावणे ऐकले होते.

आपल्या हातून जे घडले त्यात दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले असेल, तर त्याच्याकडे जाऊन ते भरून द्यावे लागेल. त्यासाठी एखाद्या विश्वासू धर्मसेवकाची सोबत घ्यावी. परंतु ते आधी आणि येशूकडे जाणे नंतर, असा क्रम लावत बसू नका. शब्द सुचत नाहीत असे आपण लिहिता. पेत्राचे शेवटचे उत्तर असे होते : ‘प्रभू, आपल्याला सर्व ठाऊक आहे, मी आपल्यावर प्रेम करतो हे आपण ओळखले आहे.’ त्यातला दुसरा भाग म्हणायला आज जीभ रेटत नसेल, तर पहिला भाग तेवढा म्हणा, आणि या रविवारी शेवटच्या बाकावर का होईना, जाऊन बसा.